पीएचपी आणि मायएसक्यूएलच्या मध्ये तारखा उलटतात तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पतसंस्थेच्या मुदत ठेवींसाठी पीएचपी (वेबसाइट लिहायची प्रोग्रामिंग भाषा) आणि मायएसक्यूएल (माहिती साठवणारा डेटाबेस) यांवर चालणारी एक छोटी प्रणाली आहे. कर्मचारी फॉर्ममध्ये ०५/०४/२०२४ अशी, म्हणजे आधी दिवस, मग महिना, मग वर्ष या क्रमानं तारीख टाइप करतात. डेटाबेसमध्ये मात्र ही ठेव ४ मे २०२४ ची म्हणून गेलेली असते. काही ठेवी १ जानेवारी १९७० च्या झाल्या आहेत, काही जुन्या नोंदींत तारखेच्या जागी नुसती शून्यं आहेत आणि अहवालात तारखांचा क्रम लागत नाही. यावर ‘तारखेचं फॉरमॅट बदलायचं नेमकं फंक्शन कोणतं’ असं तुम्ही विचारलं आहे.

फंक्शन सांगतोच. पण फॉरमॅट बदलण्याचं काम तुमचा कोड आत्ताही करतोच आहे, आणि घोळ तिथेच आहे. तुम्ही फॉर्ममधली तारीख स्ट्रटूटाइम या पीएचपीच्या फंक्शनला देता आणि त्यातून जे येईल ते डेट फंक्शनला देऊन वर्ष-महिना-दिवस करून घेता. नेटवरच्या बहुतेक जुन्या उदाहरणांत हेच दिसतं. स्ट्रटूटाइम तारीख वाचत नाही, ती काय असावी याचा अंदाज बांधतं, आणि अंदाज चुकला तरी तक्रार करत नाही. माणसानं टाइप केलेल्या तारखेवर ते कधीच वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ‘पुढचा सोमवार’, ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ असली वाक्यं आपणच कोडमध्ये लिहून त्याला दिली तर ते उत्तम काम करतं. त्याचा उपयोग तेवढ्यापुरताच ठेवा.

आधी डेटाबेसची बाजू पाहू. मायएसक्यूएलच्या डेट प्रकारच्या कॉलमला स्वतःचं असं फॉरमॅट नसतंच. तिथे तीन बाइटांत वर्ष, महिना आणि दिवस साठवलेले असतात, आणि क्वेरी चालवल्यावर २०२४-०४-०५ असं जे दिसतं ते आपल्याला दाखवण्यापुरतं तयार केलेलं असतं. त्यामुळे ‘कॉलमचंच फॉरमॅट दिवस-महिना-वर्ष कसं करू’ या प्रश्नाला उत्तर नाही. ते जमत नाही म्हणून कॉलमच व्हारकॅर, म्हणजे नुसता मजकूर साठवणारा, करून टाकणारे लोक भेटतात. त्यांचं पहिले दोन महिने छान चालतं, मग ‘या तिमाहीत मुदत संपणाऱ्या ठेवी काढा’ अशी मागणी आली की सगळं अडतं. तुमचा कॉलम डेटच आहे, तो तसाच राहू द्या. वर्ष-महिना-दिवस हा क्रमही मायएसक्यूएलचा हट्ट नाही, आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून तेच सांगतं. त्याचा मोठा फायदा म्हणजे अशी तारीख नुसती मजकूर म्हणून लावली तरी कालक्रम बरोबर येतो.

आता तुमच्या तारखा उलटतात कशा ते बघा. स्ट्रटूटाइमचा नियम असा आहे की मधे तिरकी रेघ असेल तर तारीख अमेरिकी पद्धतीची समजायची, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस. मधे आडवी रेघ किंवा टिंब असेल आणि वर्ष चार अंकी असेल तर आधी दिवस. म्हणजे ०५-०४-२०२४ बरोबर ५ एप्रिल होते आणि ०५/०४/२०२४ गुपचूप ४ मे होते. फरक फक्त रेघेचा. १३/०४/२०२४ मात्र त्याला कळतच नाही, कारण तेरावा महिना नसतो. अशा वेळी ते फॉल्स (म्हणजे ‘नाही जमलं’) परत देतं, आपण ते न तपासता डेट फंक्शनला देतो, तिथे फॉल्सचा शून्य होतो आणि युनिक्स घड्याळाचा शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०. तुमच्या त्या ठेवी तिथून आल्या.

किती तारखा बिघडतात हेही मोजता येतं. साध्या वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी १२ तारखांत दिवस आणि महिना सारखेच असतात (०१/०१, ०२/०२ वगैरे), त्या वाचतात. १३२ तारखा उलटतात. उरलेल्या २२१ तारखा १९७० ला जाऊन बसतात. चाचणी करणाऱ्यानं आपली जन्मतारीख ७ जुलै टाकून पाहिली तर त्याला सगळं बरोबर दिसणार. म्हणून चाचणीला नेहमी दोन तारखा घ्या: एक १२ च्या आतली पण दिवस आणि महिना वेगळे असलेली, आणि दुसरी १३ च्या पुढची.

मग वाचायचं कसं? पीएचपीला अंदाज करू द्यायचा नाही, कोणत्या क्रमानं वाचायचं ते आपण सांगायचं. डेटटाइम-इम्युटेबल या क्लासमध्ये क्रिएट-फ्रॉम-फॉरमॅट नावाची पद्धत आहे, तिला पहिल्या जागी साचा द्यायचा: उद्गारचिन्ह, स्मॉल डी, तिरकी रेघ, स्मॉल एम, तिरकी रेघ, कॅपिटल वाय. दुसऱ्या जागी फॉर्ममधून आलेला मजकूर. सुरुवातीचं उद्गारचिन्ह बहुतेकजण विसरतात. ते नसेल तर तारीख फॉर्मची पण वेळ मात्र त्या क्षणाची, अशी जोडगोळी तयार होते, आणि पुढे दोन तारखा समान आहेत का हे तपासताना ‘दिसतात सारख्या, पण समान निघत नाहीत’ असा प्रकार होतो.

एवढ्यावर थांबू नका. हीच पद्धत ३१/०२/२०२४ हे आनंदानं स्वीकारते आणि त्याचं २ मार्च २०२४ करते. फेब्रुवारीत २९ दिवस, उरलेले दोन पुढच्या महिन्यात ढकलले, असा तिचा हिशोब. इशारा नोंदवलेला असतो, पण तो गेट-लास्ट-एरर्सला मुद्दाम विचारल्याशिवाय दिसत नाही. मी सोपा उपाय वापरतो: मिळालेली तारीख त्याच साच्यात परत मजकूर करून घ्यायची आणि मूळ मजकुराशी ताडून पाहायची. जुळलं नाही तर नोंद नाकारायची. या एका तुलनेत ३१ फेब्रुवारी पकडला जातो आणि ०५/०४/२४ सुद्धा. पीएचपीच्या काही आवृत्त्यांत कॅपिटल वाय दोन अंकांवरही समाधान मानतो आणि वर्ष २४, म्हणजे इसवी सनाचं चोविसावं वर्ष धरतो. परत मजकूर केल्यावर तिथे ००२४ येतं आणि लबाडी उघडी पडते.

ही तपासणी ५/४/२०२४ सुद्धा नाकारते, कारण पुढे शून्य नाही. काउंटरवरच्या माणसाला त्यासाठी अडवणं बरोबर नाही. तिथे तिरकी रेघ, आडवी रेघ किंवा टिंब यांवरून तीन आकडे वेगळे करा, तिन्ही खरोखर आकडेच आहेत आणि वर्ष चार अंकी आहे एवढं बघा, चेकडेट फंक्शनला द्या, आणि होकार आला तर चार-दोन-दोन अंकांत शून्यं भरून वर्ष-महिना-दिवस जोडा. यात वेळेचा संबंधच येत नाही, त्यामुळे टाइम झोनचीही भानगड नाही. फक्त चेकडेटला आधी महिना, मग दिवस, मग वर्ष द्यावं लागतं. उलटी तारीख पकडायला ठेवलेलं फंक्शनच अमेरिकी क्रमाचं आहे, इलाज नाही!

ब्राउझरचा डेट प्रकारचा इनपुट वापरलात तर यातलं निम्मं काम वाचतं. पडद्यावर तो वापरणाऱ्याच्या ब्राउझरच्या भाषेप्रमाणे तारीख दाखवतो, पण सर्व्हरकडे नेहमी वर्ष-महिना-दिवस असाच मजकूर पाठवतो. ‘माझ्या मशीनवर महिना आधी दिसतो’ अशी तक्रार आली तर त्या मशीनच्या ब्राउझरची भाषा अमेरिकी इंग्रजी आहे, इतकंच. तपासणी तरीही सर्व्हरवर करायचीच.

दोन अंकी वर्षाबद्दल वेगळं लिहितो, कारण हा सगळ्यात बेमालूम घोटाळा आहे. कुणी ०५-०४-२४ असं लिहिलं आणि ते तसंच्या तसं मायएसक्यूएलला गेलं, तर मायएसक्यूएल आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं वाचतं: २४ एप्रिल २००५. एरर येत नाही, स्ट्रिक्ट मोड (अवैध मूल्यं नाकारणारी मायएसक्यूएलची सेटिंग) चालू असला तरी येत नाही, कारण त्या नियमानं ही तारीख पूर्ण वैध आहे. आडवी रेघ असताना स्ट्रटूटाइमही असंच वाचतं. आपण ज्या काळात जगतोय त्यात वर्षाचे शेवटचे दोन अंक दिवस म्हणूनही चालतात, म्हणून हे खपून जातं. २०३२ पासून ते आपोआप एररमध्ये येईल, तोवर कुणी सांगणार नाही.

त्यातच भर म्हणजे शतकाचा नियम. दोन अंकी वर्ष ०० ते ६९ असेल तर २००० ते २०६९, आणि ७० ते ९९ असेल तर १९७० ते १९९९ असं दोन्हीकडे, पीएचपीत आणि मायएसक्यूएलमध्ये, धरलं जातं. तुमच्या ठेवीदाराची जन्मतारीख ‘६१’ अशी नोंदवली तर तो २०६१ साली जन्मणार. ज्येष्ठ नागरिकाचा जादा व्याजदर वयावरून ठरत असेल तर नेमके ज्येष्ठ नागरिकच त्यातून वगळले जातील. चार अंकी वर्ष सक्तीचं करा, यात तडजोड नाही.

रिकाम्या तारखांचं प्रकरण तुमच्या शून्यांशी जोडलेलं आहे. मायएसक्यूएल ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असतो. त्याआधीच्या सर्व्हरवर, किंवा ‘एरर येतात म्हणून’ कुणी तो बंद करून ठेवला असेल तिथे, न कळलेली तारीख आणि रिकामा मजकूर दोन्ही ००००-००-०० होऊन बसतात. सोबत एक वॉर्निंग असते, ती कुणी वाचत नाही. पीएचपीनं ही शून्यं वाचली की ३० नोव्हेंबर, वर्ष उणे एक असं काहीतरी दिसतं. रिकामा मजकूर डेटटाइम क्लासला दिला तर आजची तारीख येते, आणि स्ट्रटूटाइमला दिला तर फॉल्स, म्हणजे पुन्हा १९७०. म्हणून अहवालात विचित्र तारीख दिसली की तिच्यावरून रोग ओळखता येतो. १९७० दिसलं तर वाचन फसलंय. वर्ष उणे एक दिसलं तर डेटाबेसमध्ये शून्यं आहेत. ठेवीची मुदत ‘आज’ संपतेय आणि उद्या पाहिलं तर ‘उद्या’ संपतेय, तर मूळ जागा रिकामी आहे. तारीख माहीत नसेल तिथे नल (म्हणजे ‘मूल्यच नाही’) ठेवायचं, आणि फॉर्ममधून आलेला रिकामा मजकूर क्वेरीत जाण्याआधी आपणच नल करायचा.

एक गंमत सांगून टाकतो, कारण तुमच्या क्वेरी मजकूर जोडून तयार केलेल्या दिसतात. तारखेभोवतीचं अवतरणचिन्ह राहिलं तर मायएसक्यूएलला २०२४-०४-०५ ही वजाबाकी वाटते. २०२४ वजा ४ वजा ५, उत्तर २०१५. तुलनेच्या क्वेरीत हे गेलं की निकाल काहीच्या बाही येतात आणि तासभर कळत नाही का. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, म्हणजे क्वेरीचा साचा आणि त्यात भरायची मूल्यं वेगवेगळी पाठवा. तारीख मजकूर म्हणून बाइंड केली, म्हणजे साच्याला जोडली, की हा प्रकारही मिटतो आणि एसक्यूएल इंजेक्शनचाही (फॉर्ममधून घातक क्वेरी घुसवण्याचा).

आता दाखवण्याची बाजू. मायएसक्यूएलमध्ये डेट-फॉरमॅट फंक्शन आहे, पीएचपीत फॉरमॅट आहे, दोन्हींनी ०५-०४-२०२४ मिळतं. मी हे काम पीएचपीत, तेही पान छापायच्या अगदी शेवटच्या टप्प्यात करतो. कारण तुमच्या अहवालातच आहे. तुम्ही क्वेरीत तारखेवर डेट-फॉरमॅट लावलं, त्या निकालाला मूळ कॉलमचंच नाव दिलं आणि त्या नावानं ऑर्डर बाय केलं, म्हणजे क्रम लावला. ऑर्डर बायमध्ये एखादं नाव आलं की मायएसक्यूएल आधी सिलेक्टमधली टोपणनावं बघतं, टेबलातले कॉलम नंतर. म्हणजे क्रम लागला तो तारखेनं नाही, तर ‘०१-१२-२०२३’ या मजकुरानं. सगळ्या वर्षांतल्या एक तारखा आधी, मग सगळ्या दोन तारखा. क्वेरीत फॉरमॅट करायचंच असेल तर टोपणनाव वेगळं ठेवा. पण न केलेलं बरं.

दोन्हीकडचे साचे दिसायला सारखे आणि वागायला वेगळे आहेत, तिथेही बोटं चुकतात. स्मॉल एम दोन्हीकडे महिन्याचा आकडा. पण कॅपिटल एम पीएचपीत महिन्याचं तीन अक्षरी नाव देतो आणि मायएसक्यूएलमध्ये पूर्ण नाव. कॅपिटल डी पीएचपीत वाराचं छोटं नाव, मायएसक्यूएलमध्ये इंग्रजी प्रत्ययासह दिवस. मिनिटं दोन्हीकडे स्मॉल आयनं येतात, एमनं नाही. पावतीवर वेळ नेहमी काहीतरी वाजून चार मिनिटंच छापली जात असेल तर महिना एप्रिल आहे आणि मिनिटांच्या जागी कुणीतरी एम लिहिलाय.

पावती मराठीत हवी असेल तर महिन्यांच्या नावांचा ॲरे हातानं लिहायची गरज नाही. पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमधल्या इंटल-डेट-फॉरमॅटरला मराठी-भारत लोकेल (भाषा आणि देशाची सेटिंग) द्या, ‘५ एप्रिल, २०२४’ असं देवनागरी अंकांत मिळतं. स्ट्रफटाइम वापरून हे करायची जुनी रीत सोडून द्या, पीएचपी ८.१ पासून ते मोडीत काढलेलं आहे. एक सावधगिरी मात्र हवी: फॉरमॅटर आपण होऊन देवनागरी अंक देतो. ती तारीख दुरुस्ती फॉर्मच्या इनपुटमध्ये भरली आणि तशीच सर्व्हरवर परत आली, तर वाचन फसणार, कारण क्रिएट-फ्रॉम-फॉरमॅटला फक्त इंग्रजी अंक कळतात. फोनवर मराठी कळफलक लावून टाइप करणारेही असतातच. म्हणून वाचण्याच्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत दहा देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करून घ्या. एका ओळीचं काम आहे, आणि मराठी प्रणालीत ते असायलाच हवं.

टाइम झोनकडे वळू. नुसत्या तारखेला टाइम झोन नसतो, पण ‘आज’ला असतो. होस्टिंगचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतो. पीएचपीत काही सांगितलं नाही तर तेही यूटीसीच धरतं, आणि मायएसक्यूएल सर्व्हरच्या घड्याळावर चालतं. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात सर्व्हरचं ‘आज’ हे आपलं ‘काल’ असतं. पतसंस्था रात्री बंद असते खरी, पण व्याज आकारणीचा क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) नेमका रात्रीच चालतो. १ एप्रिलच्या पहाटे दोनला त्यानं करडेटला (मायएसक्यूएलचं ‘आज’ची तारीख देणारं फंक्शन) विचारलं तर उत्तर ३१ मार्च येणार, म्हणजे नोंद मागच्या आर्थिक वर्षात. ऑडिटमध्ये हे निघाल्यावर समजावून सांगणं किती अवघड जातं ते ज्यानं सोसलं त्यालाच ठाऊक.

उपाय दोन ओळींचा आहे. पीएचपीत डीफॉल्ट टाइम झोन आशिया/कोलकाता ठेवा, आणि डेटाबेसशी जोडणी झाल्याबरोबर त्या कनेक्शनचा टाइम झोन ‘+०५:३०’ करा. मायएसक्यूएलला नावानं टाइम झोन द्यायचा तर त्याचे टाइम झोनचे टेबल आधी भरलेले लागतात, शेअर्ड होस्टिंगवर ते बहुधा रिकामे असतात. भारतात उन्हाळी वेळ नसल्यामुळे आकड्यानं भागतं. तुमचे वापरकर्ते न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये असते तर आकडा चालला नसता, वर्षातून दोनदा तो बदलावा लागला असता.

पण चालू प्रणालीत हा बदल डोळे मिटून करू नका. टाइमस्टॅम्प प्रकारचा कॉलम आत यूटीसीत साठवला जातो आणि वाचताना कनेक्शनच्या टाइम झोनप्रमाणे दाखवला जातो, त्यामुळे जुन्या वेळाही आपोआप भारतीय दिसू लागतील. डेटटाइम प्रकारचा कॉलम मात्र जे लिहिलं तेच जपतो. तिथे जुन्या नोंदी साडेपाच तास मागे आणि नव्या बरोबर, अशी खिचडी होईल. जुन्या नोंदी यूटीसीत असल्याची खात्री करून, बदल करतानाच त्यांत साडेपाच तास मिळवा.

टाइमस्टॅम्पवरून आणखी एक. त्याची धाव १९७० पासून १९ जानेवारी २०३८ पर्यंतच, भारतीय वेळेनुसार त्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांपर्यंत. नोंद कधी झाली एवढ्यासाठी तो ठीक आहे. जन्मतारखेला आणि ठेवीच्या मुदतीला तो नको. आज दिलेल्या पंधरा वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता त्या मर्यादेच्या पलीकडे जातो. त्याचप्रमाणे युनिक्स-टाइमस्टॅम्प फंक्शनला १९७० च्या आधीची जन्मतारीख दिली तर ते शून्य देतं, आणि शून्याचं पुढे काय होतं ते वर आलंच आहे.

मुदत काढायचं गणित कुठे करता हेही ठरवून टाका, कारण दोघांची उत्तरं जुळत नाहीत. ३१ जानेवारी २०२४ मध्ये एक महिना मिळवला तर मायएसक्यूएल २९ फेब्रुवारी सांगतं आणि पीएचपी २ मार्च. मायएसक्यूएल महिन्याच्या शेवटाशी थांबतं, पीएचपी जास्तीचे दिवस पुढे ढकलतं. ठेवीदाराला छापून दिलेल्या पावतीवर एक तारीख आणि व्याजाच्या क्वेरीत दुसरी, असं व्हायला नको. ठेवींसाठी मायएसक्यूएलची रीत व्यवहाराशी जुळते, म्हणून मी हे काम मायएसक्यूएलच्या डेट-ॲड फंक्शनकडे सोपवतो आणि पीएचपी ती तारीख फक्त छापतं. मासिक हप्ते काढताना प्रत्येक हप्ता मूळ तारखेपासून मोजा. आधीच्या हप्त्यापासून मोजलात तर फेब्रुवारीत २९ ला आलेली तारीख पुढे मार्चमध्येही २९ लाच राहते, ३१ ला परत येत नाही. दिवस मोजायला डेटडिफ आहे. सेकंदांना ८६४०० नं भागू नका. पीएचपीत डिफ वापरलंत तर एकूण दिवस ‘डेज’मध्ये असतात. ‘डी’मध्ये फक्त महिने काढून उरलेले दिवस असतात.

मार्च महिन्याचा अहवाल काढताना नोंदीच्या वेळेवर ‘१ मार्च ते ३१ मार्च यांच्या दरम्यान’ असं बिटवीन लावलं तर ३१ मार्चचा अख्खा दिवस गळतो, कारण वेळ न दिलेला ३१ मार्च म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र. ‘१ मार्च किंवा त्यानंतर, आणि १ एप्रिलच्या आधी’ असं लिहा. कॉलमवरच डेट फंक्शन लावूनही उत्तर बरोबर येतं, पण मग त्या कॉलमचा इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) वापरला जात नाही आणि टेबल वाढलं की अहवाल रेंगाळतो.

राहता राहिला मुद्दा बिघडलेल्या नोंदींचा, आणि खरं काम तिथेच आहे. आधी टेबलाची प्रत काढा. मूळ ठेव-तारखेच्या शेजारी ‘दुरुस्त तारीख’ असा नवा डेट कॉलम जोडा. जुन्याला हात लावू नका.

मग एक गोष्ट लक्षात घ्या, तिच्यामुळे शोध पुष्कळ आवळता येतो. उलटलेल्या तारखेत जो ‘दिवस’ दिसतो तो मुळात महिना असतो, म्हणून तो १२ च्या पुढे जाऊच शकत नाही. डेटाबेसमध्ये १३ ते ३१ दिवस असलेली कुठलीही तारीख या फॉर्ममधून उलटून आलेली नाही. ती आडव्या रेघेनं टाइप झाली असेल किंवा दुसऱ्या वाटेनं आली असेल. दोन अंकी वर्षाचा अपघात तेवढा तिच्यात असू शकतो, तो २००१ ते २०३१ यांतल्या अनपेक्षित वर्षांवरून बहुतेकदा लगेच दिसतो. बाकी त्या नोंदी दुरुस्त कॉलममध्ये जशाच्या तशा नकला. दिवस आणि महिना सारखे असलेल्याही तशाच.

उरलेल्यांसाठी साक्षीदार लागतो. तुमच्या टेबलात नोंद झाल्याची वेळ टाइमस्टॅम्पमध्ये आहे, आणि ठेव बहुतेकदा त्याच दिवशी नोंदवली जाते. तारखेचे दिवस आणि महिना अदलाबदल करून पाहा. उलटवलेली तारीख नोंदीच्या दिवसाशी जुळली तर तीच खरी, आणि न उलटवता जुळली तर आहे तीच खरी. १९७० आणि शून्यांच्या नोंदींत मूळ तारखेचा मागमूस राहिलेला नाही. तिथे नोंदीचा दिवस हा फक्त अंदाज म्हणून भरा आणि शेजारी तशी खूण करा. मात्र १९७० वाल्या नोंदीसाठी नोंदीचा दिवस १३ च्या आतला निघाला आणि तारखेची जागा रिकामी सोडलेली नसेल तर अंदाज चुकतोय हे नक्की, कारण तशी तारीख १९७० ला जातच नाही. उलटली असती, एवढंच. हे दिवस अर्थात भारतीय वेळेनं काढा.

यातूनही जे सुटणार नाही, त्यासाठी पावती क्रमांक. क्रमांक चढत जातात तशा तारखाही चढत जायला हव्यात. क्रमांकानं लावलेल्या यादीत मागच्या-पुढच्या पावत्यांच्या मधे न बसणारी तारीख लगेच उठून दिसते. शेवटी जी मूठभर उरतील ती कार्यालयातल्या ठेव रजिस्टरवरून हातानं भरा. एक्सेलमध्ये यादी काढून कर्मचाऱ्यांना देणार असाल तर तारखेचा कॉलम आधी मजकूर प्रकारचा करा. त्या संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल तर एक्सेल ०५/०४/२०२४ ला स्वतःहून ४ मे करेल आणि १३/०४/२०२४ ला मजकूर म्हणून सोडून देईल, आणि हाच रोग पुन्हा आयात होईल. तारखेच्या जागी ४५३८७ सारखा आकडा आला तर घाबरू नका, तो एक्सेलचा दिवसांचा हिशोब आहे, ५ एप्रिल २०२४. तो ३० डिसेंबर १८९९ पासूनच्या दिवसांत मोजला की तारीख परत मिळते.

सगळं भरून झालं की नव्या कॉलमवर दोन क्वेरी चालवा: मुदतीची तारीख ठेवीच्या तारखेच्या आधी असलेल्या नोंदी, आणि ठेवीची तारीख नोंदीच्या दिवसानंतरची असलेल्या नोंदी. दोन्हींचा निकाल रिकामा आला की कॉलमांची नावं बदला. मायएसक्यूएल ८.०.१६ किंवा पुढचं असेल तर पहिली अट टेबलावर चेक (डेटाबेसनंच पाळायची अट) म्हणून कायमची बसवा, म्हणजे मुदतीची तारीख ठेवीच्या तारखेच्या आधीची चालणार नाही. त्याआधीच्या आवृत्त्या चेक लिहू देतात पण पाळत नाहीत, तिथे ती तपासणी पीएचपीतच ठेवावी लागेल.